मातीचं मुखत्यारपत्र

"आई, आजही खिडकीत बसून राहू नकोस हं. तीनच्या आत अंधार पडतो, त्याआधी कुठेतरी जाऊन ये," असं बजावून लेक कामावर गेली. जाता जाता माझ्या डोक्यावर एक लोकरीची टोपी बसवून गेली. राखाडी, वर निमुळती होत टोकाला गेलेली. आरशात पाहिलं तर सर्कशीतून निवृत्त झालेल्या विदूषकासारखी दिसत होते. पण उणे सहात कोण कुणाकडे बघतंय?

स्टॉकहोममध्ये डिसेंबरात सूर्य हजेरीपुरता येतो. पावणेनऊच्या आसपास उगवायचं, छपरांच्या कडेकडेने सरपटत जायचं आणि तीन वाजायच्या आत घरी. एवढ्या वेळात काय बघायचं? वासा जहाज आणि राजवाडा लेकीने आल्या आल्या दाखवून टाकले होते. यादी चाळताना 'मेडेलहाव्समुसेएत' असं लांबलचक नाव दिसलं. मेडेल म्हणजे मधला, हाव म्हणजे समुद्र. म्हणजे आपला भूमध्य समुद्रच की! बाहेर बर्फ आणि आत ऑलिव्हच्या देशांतली माणसं, ही कल्पनाच मला उबदार वाटली.

लेक राहते ते उपनगर लिहितात 'किस्ता', म्हणतात मात्र 'शीस्ता'. मी महिनाभर किस्ताच म्हणत होते. जन्म बँकेत गेलेल्या बाईच्या तोंडी किस्तच यायची. तिथून निळ्या मार्गाची मेट्रो थेट कुंगस्त्रेदगोर्देनला जाते. ते स्टेशनच अर्धं उत्खनन वाटतं. ओबडधोबड खडक तसाच ठेवलाय आणि १८२५ साली जळालेल्या माकालोस नावाच्या वाड्याची आठवण म्हणून दगडी चेहरे, खांब असं काहीबाही मांडलंय. वर आलं की ऑपेराच्या बाजूने पाचसात मिनिटं चालायचं. घोड्यावर बसलेल्या गुस्ताव आडोल्फ राजाचा चौक लागतो, आणि चौकाच्या कोपऱ्यावर, फ्रेद्सगातानच्या तोंडाशी, संग्रहालय. फ्रेद म्हणजे शांती, गाता म्हणजे रस्ता. हा शांतीचा रस्ता लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

आत पाऊल टाकलं आणि थबकलेच. उंच दिवाणखाना, खांब, कमानी, वरती सज्जा. इटलीतल्या एखाद्या वाड्याचा थाट. पण मला वाडा दिसलाच नाही. मला दिसली बँक. कुठे काऊंटर असतील, कुठे मॅनेजर बसत असेल, पैसे भरायला आलेली माणसं कुठल्या दाराने आत येऊन कुठे वळत असतील, सगळं डोळ्यांपुढे उभं राहिलं. म्हटलं, एकतीस वर्षांची सवय, दुसरं काय दिसणार? मग वाचलं की ही इमारत खरंच बँक होती. मूळ वाडा सतराव्या शतकातला, गुस्ताव होर्न नावाच्या सेनापतीचा. पुढे त्यात बँक आली आणि हा दिवाणखाना बँकेसाठी सजवला गेला. संग्रहालय इथे आलं ते १९८२ साली. मला झालेला आनंद कुणाला सांगावा तेच कळेना. कोट ठेवायच्या खोलीतल्या मुलीला सांगितलं. तीही बिचारी हसली.

इजिप्तच्या दालनात मी फार वेळ काढला नाही. ममी पाहिल्या की मला अपराधी वाटतं. झोपलेल्या माणसाच्या खोलीत न विचारता शिरल्यासारखं. तिथे नेस्वायू नावाच्या पुजाऱ्याच्या ममीचं सीटी स्कॅन केलेलं आहे. त्यावरून बनवलेल्या पडद्यावर बोट फिरवत आपण एकेक थर बाजूला करायचा, की आतली हाडं आणि कापडात गुंडाळलेले ताईत दिसायला लागतात. दोन शाळकरी मुलं ते भराभर करत होती. मी एकच थर काढला आणि परत घातला. ग्रीक मडकी, रोमन मुंडकी, एत्रुस्कन पेट्या हे सगळं पाहिलं, चांगलं होतं, पुढे गेले.

मी अडकले ती सायप्रसमध्ये.

सुरुवातीला नुसती भांडी. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीची. एका जातीच्या पांढऱ्या गोल वाडग्यांना उत्खननवाल्यांनीच 'दुधाचे वाडगे' असं नाव पाडलंय. तळ गोल, त्यामुळे खाली ठेवलं की कलंडणार. आणि एका बाजूला दोन पाय जुळवल्यासारखी कडी. मी बराच वेळ विचार करत होते की हे फळीवर कसं मांडत असतील. मग कळलं, मांडायचं नाही, कडीने खुंटीला टांगायचं! निदान मी तरी तसंच केलं असतं. दुसऱ्या प्रकारच्या छोट्या सुरया अफूच्या बोंडासारख्या दिसतात, उलटं धरलेलं बोंड. त्यांतून अफूचाच व्यापार चालायचा असं काही अभ्यासकांनी मांडलंय, काहींना ते पटत नाही. सायप्रसची खरी दौलत म्हणजे तांबं. तांब्याला लॅटिनमध्ये जे नाव पडलं ते ह्या बेटावरूनच.

हे सगळं स्वीडनमध्ये कसं आलं, ती गोष्ट मजेची आहे. १९२७ च्या सप्टेंबरात चार स्वीडिश माणसं सायप्रसला पोहोचली. प्रमुख आयनार येरस्टाड, तोही अजून तिशीच्या आत. एरिक शोक्विस्ट आणि आल्फ्रेड वेस्टहोल्म हे त्याचे दोन सहकारी पंचविशीही न गाठलेले. आणि नकाशे काढायला, फोटो घ्यायला जॉन लिंड्रोस हा वास्तुविशारद. मागे पाठबळाला समिती होती आणि तिचा अध्यक्ष खुद्द युवराज, पुढे सहावा गुस्ताव आडोल्फ म्हणून गादीवर आला तो. त्याला स्वतःला उत्खननाचं वेड होतं. मंडळींकडे गाडी होती व्होल्व्हो. ज्या वर्षी कंपनीची पहिली गाडी कारखान्याबाहेर पडली त्याच वर्षी ही माणसं सायप्रसच्या धुळीत निघाली होती, म्हणजे गाडीची आणि पोरांची परीक्षा एकदमच! मार्च १९३१ पर्यंत त्यांनी बेटभर खणलं. सायप्रस तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात होतं आणि सापडलेल्या वस्तूंची वाटणी व्हायची. काही बेटावर राहायच्या, काही खणणाऱ्याला मिळायच्या. शेवटी सुमारे १२,००० वस्तू सातशेहून जास्त खोक्यांत भरून जहाजाने इकडे आल्या. १९५४ साली हा सायप्रसचा संग्रह आणि इथलं इजिप्तचं संग्रहालय एकत्र करून आजचं संग्रहालय झालं.

सातशे खोकी! शाखा एका इमारतीतून दुसरीत हलवताना आमची चाळीस खोकी होती तर तीन दिवस जेवण गेलं नव्हतं.

आणि मग तो कोपरा आला.

काचेमागे, पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेली, मातीची माणसं. दहावीस नाहीत, शेकड्यांनी. पुढे वीतभर उंचीची, मागे हातभर, त्यामागे कमरेएवढी आणि सगळ्यात मागे जवळजवळ पुरुषभर. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. ती दिशा म्हणजे मी. दिवे मंद होते, जवळ दुसरं कुणी नव्हतं, आणि मला क्षणभर खरंच वाटलं की शटर उघडायला उशीर झालाय आणि ही मंडळी खोळंबलीत.

ह्यांचं गाव आया इरिनी, सायप्रसच्या वायव्य किनाऱ्यावरचं. १९२९ साली तिथला पाद्री, पापा प्रोकोपिओस, आपल्या शेतात सापडलेला एका मूर्तीचा वरचा अर्धा भाग घेऊन बेटाच्या राजधानीत, निकोसियाच्या संग्रहालयात आला. त्यावरून स्वीडिश मंडळी तिकडे पोहोचली आणि नोव्हेंबरात खणायला लागली. खाली निघालं एक उघडं देवस्थान. मंदिर म्हणण्यासारखं शिखर नाही, गाभारा नाही. अंगण, वेदी, आणि वेदीभोवती अर्धवर्तुळात ओळीवर ओळी लावलेल्या सुमारे २,००० मातीच्या मूर्ती. जिथे ठेवल्या होत्या तिथेच. पुराने आणलेल्या गाळाने सगळं झाकून टाकलं, म्हणून राहिल्या. बहुतेक इसवी सनापूर्वीच्या सातव्या-सहाव्या शतकातल्या, म्हणजे अडीच हजार वर्षांच्या वर. देवस्थान मात्र त्याहून पुष्कळ जुनं. आणि देव? वेदीपाशी एक गुळगुळीत, लांबट गोल, काळसर दगड सापडला. येरस्टाडच्या मते पूजा त्याचीच होती. हे वाचून मला सायप्रस एकदम शेजारच्या गल्लीत आल्यासारखं वाटलं. दगडाला देव मानणाऱ्यांना समजावून सांगावं लागत नाही. शेंदूर तेवढा राहिला.

मी जवळ जाऊन एकेकाला बघायला लागले. धडं चाकावर फिरवून केलेली, नळकांड्यासारखी, ठोक माल. मानेच्या वर मात्र कुंभाराने हात मोकळा सोडलाय. कुणाचं नाक चिमटीत धरून ओढलंय, कुणाला दाढी चिकटवलीय, कुणाच्या भुवया नुसत्या काळ्या रंगाने ओढल्यात. बहुतेकांच्या डोक्यावर टोकदार टोप. कुणाच्या हातात वाद्य, कुणी शस्त्रं घेतलेला. घोडे जुंपलेले छोटे रथ, त्यांत दाटीवाटीने बसलेले सैनिक. बैल. माणसाचं धड आणि खाली बैलाचं अंग असे काही. पंधरावीस चेहरे बघून झाल्यावर मी सह्या पडताळायला लागले होते; हा तोच का, मघाशी तिकडे होता तो? नाही. कान वेगळे.

चीनच्या त्या मातीच्या फौजेची आठवण इथे कुणालाही येईल, पण मला ती तुलना मंजूर नाही. ती फौज एका सम्राटाच्या हुकमाने, एका सम्राटासाठी झाली. इथे हुकूम कुणाचाच नाही. एकेक माणूस आपल्या पायांनी आला, ऐपतीप्रमाणे वीतभर किंवा हातभर मूर्ती आणली, ठेवली आणि गेला. असं पिढ्यान् पिढ्या. आपल्याकडे नवसाला चांदीचे डोळे वाहतात, पाळणा बांधतात, त्यातलंच हे. फरक इतकाच की ह्यांनी डोळा किंवा पाय नाही वाहिला, अख्खा स्वतःलाच वाहिला. मूर्ती देवाची नव्हे, भक्ताची. मला शेतावर परत जायचंय, गुरं आहेत, समुद्रावर जायचंय. तेव्हा देवा, माझ्या जागी हा इथे उभा राहील.

हे तर मुखत्यारपत्र झालं! मी काचेसमोर मोठ्याने म्हणाले. मराठीत. कोपऱ्यातल्या रखवालदाराने मान वर केली.

आता बँकेतल्या माणसाला मुखत्यारपत्र म्हटलं की पहिला प्रश्न सुचतो: देणारा हयात आहे का? देणारा गेला की मुखत्यारपत्र संपलं, हे आमचा शिपाईसुद्धा सांगायचा. आणि इथे तर देणारे सगळे जाऊन अडीच हजार वर्षं झाली, तरी मुखत्यार आपले उभेच. कुणी त्यांना रद्द करायला आलं नाही. गाव संपलं, देव बदलला, दगड बाजूला गेला, हे दुसऱ्या देशात एका जुन्या बँकेत आले, तरी तोंड पुढे करून उभे.

दर नोव्हेंबरात माझ्या काऊंटरसमोर अशीच रांग असायची. हयातीचा दाखला. पेन्शन घेणाऱ्याने वर्षातून एकदा येऊन आपण जिवंत आहोत हे दाखवायचं, सही किंवा अंगठा करायचा, की पुढचं वर्ष सुरळीत. एक आजी होत्या, कुटुंबनिवृत्तिवेतनाच्या. काऊंटरच्या फळीवर दोन्ही पंजे ठेवून म्हणायच्या, "आले बरं का बाई ह्याही वर्षी." एका वर्षी त्या आल्या नाहीत, मुलगा आला. कागदावर अंगठा घेऊन. म्हणाला, आईला उठवत नाही, मी सांगतोय ना. मी नाही म्हटलं. नियम नियमच, माणूस समोर पाहिजे. तासाभराने तो त्यांना रिक्षातून घेऊन आला. त्यांना उतरता येईना, म्हणून मीच काऊंटर सोडून बाहेर गेले. रिक्षात डोकं आत घातलं तर त्या मागच्या सीटवर गोधडीत, आणि गोधडीतून हात काढून त्यांनी रिक्षाच्या दांडीवर पंजा ठेवला. बोलल्या काहीच नाहीत. मी अंगठा घेतला.

सायप्रसच्या देवाला मातीचा माणूस चालला. आम्हाला चालला नसता.

ह्या वर्षी मीही विमानात बसायच्या आधी शाखेत जाऊन माझा दाखला देऊन आले होते. रांगेच्या ह्या बाजूने. काऊंटरवरच्या मुलाने वर न बघताच शिक्का मारला. मी त्याला म्हणणार होते, अरे बघ तरी.

रखवालदार तोवर जवळ आला होता. पांढरी दाढी, उंच, गळ्यात चष्मा. मी तिसऱ्यांदा फिरून त्याच काचेशी आले हे त्याने पाहिलं असणार. इंग्रजीत म्हणाला, "लहान मुलं मोजायला लागतात आणि मध्येच हरवतात. मोठी माणसं विचारतात, बाकीचे कुठे आहेत?"

"कुठे आहेत?"

"साधारण अर्धे इथे. उरलेले निकोसियात, तिथल्या संग्रहालयात."

म्हणजे वाटणी इथेही झालीच. एकाच ओळीत शतकानुशतकं खांद्याला खांदा लावून उभे असलेल्यांतला कुणी ह्या खोक्यात, कुणी त्या. मला ते आवडलं नाही, आणि नियमाने झालं होतं हेही कळत होतं. १९७४ साली बेटाचे दोन भाग झाले, तेव्हापासून आया इरिनी गाव उत्तरेकडच्या, तुर्की बाजूच्या भागात आहे. तिथे त्याला आता आकदेनिज म्हणतात, आणि तुर्कीत आकदेनिज म्हणजे भूमध्य समुद्र. शब्दशः पांढरा समुद्र. जुन्या ग्रीक नावातल्या इरिनीचा अर्थ शांती. म्हणजे शांतीच्या गावातले हे लोक शांतीच्या रस्त्यावर येऊन राहिलेत, आणि त्यांच्या गावाने ह्या संग्रहालयाचं नाव घेतलंय. कुणीही ठरवून केलं नसताना खाती अशी जुळतात तेव्हा मला खूप बरं वाटतं. दोन रुपयांच्या फरकासाठी रात्री साडेआठपर्यंत बसलेल्या माणसालाच हे कळेल.

"बायका किती आहेत ह्यांत?" मी विचारलं. माझी नजर मघापासून तेच शोधत होती.

"सगळ्या मिळून दोन," तो म्हणाला. "दोन हजारांत."

मी नोकरीला लागले तेव्हा शाखेत आम्ही दोघीच होतो. एकवीस पुरुष आणि आम्ही दोघी, आणि वरच्या मजल्यावर एक न लागणारी कडी असलेलं बाथरूम. त्याला हे सांगितलं नाही. इंग्रजीत त्याची मजा गेली असती.

त्या दोघी कुठल्या ओळीत आहेत, इथे आहेत की निकोसियात, हे विचारायचं राहूनच गेलं, कारण फोन वाजला. लेक. "आई, कुठे आहेस? बाहेर अंधार पडला." तीन वाजायला दहा मिनिटं होती. मी घाईघाईने काचेसमोर उभी राहून एक फोटो काढला, रखवालदाराला नमस्कार केला, चुकून दोन्ही हातांनी, आणि कोट घ्यायला धावले. बाहेर चौकात राजा आणि घोडा दोघांच्याही पाठीवर बर्फ साचला होता. मेट्रोत बसल्यावर लक्षात आलं की टोपी मी आत असताना काढलीच नव्हती.

रात्री जेवताना लेकीने माझ्या फोनवर तो फोटो बघितला. बोटांनी मोठा केला, डावीकडे सरकवला, उजवीकडे सरकवला.

"नुसत्या मूर्तीच आहेत की. तुझा एकही नाही काढलास?"

मी चष्मा लावून पाहिलं. काचेत दिव्याचा एक पट्टा आला होता आणि त्याच्या बाजूला, मोठ्या मूर्तींच्या मध्ये, टोकदार टोप घातलेलं एक राखाडी कुणीतरी सरळ पुढे बघत उभं होतं. हातात फोन.

"आहे ना," मी म्हटलं. "मागून दुसरी ओळ बघ."